चिठ्ठीवर लिहिलेला टीबी

आमच्या भागात गाठीचं निदान सुई टोचायच्या आधीच झालेलं असतं. डॉक्टर गाठ बोटानं दाबतो, 'हं' म्हणतो आणि लॅबच्या चिठ्ठीवर लिहून टाकतो: 'टीबी? कृपया कन्फर्म करावे.' त्या प्रश्नचिन्हाला काही अर्थ नसतो. लग्नपत्रिकेवर 'आपले आशीर्वाद हाच अहेर' छापतात तसं ते असतं, पद्धत आहे म्हणून. मग लॅबमधला पॅथॉलॉजिस्ट आधी चिठ्ठी वाचतो, मग मायक्रोस्कोपमध्ये डोकावतो आणि कन्फर्म करून टाकतो. डॉक्टर खूश, पॅथॉलॉजिस्ट खूश, पेशंटला गोळ्या सुरू. याला आमच्याकडे डॉक्टरचं मन राखणं म्हणतात. ही विद्या कुठल्याच मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत, तरी झाडून सगळ्यांना येते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लातूरला माझी स्वतःची छोटी लॅब आहे. गाठीत बारीक सुई घालायची, चार पेशी ओढून काढायच्या, काचेच्या पट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या, आणि त्या कुठल्या आजाराच्या आहेत ते सांगायचं, हे माझं काम. अठ्ठावीस वर्षं मी ते करते आहे आणि अठ्ठावीस वर्षं माझ्या व्यवसायबंधूंचा मनापासून तिरस्कार करत आले आहे. हे मी कधी लपवलं नाही. डॉक्टरांच्या कार्यक्रमात मी शिरले की दोन-चार खुर्च्या तरी सरकतात. सरकू देत.

मागच्या गल्लीत एक पॅथॉलॉजिस्ट आहेत. गोड माणूस. इतका गोड की मी त्यांचं नावच रबरी शिक्का ठेवलं आहे. तोंडावर नाही म्हटलं कधी, पण त्यांच्यापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं म्हटलं आहे. अवघड स्लाइड आली की ते म्हणे आधी डॉक्टरला फोन लावतात: 'सर, आपलं काय मत?' अहो, सरांचं मतच चालणार असतं तर सरांनी स्लाइड तुमच्याकडे लोणचं घालायला पाठवली काय! आणि या लोकांच्या रिपोर्टची भाषा बघा. 'सजेस्टिव्ह ऑफ'. 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. म्हणजे बरोबर निघालं तर माझं, चुकलं तर तुमचं. असले रिपोर्ट वाचले की माझं डोकं फिरतं.

माझं माहेर नांदेडचं. वडील तिथं एकटे राहायचे. निवृत्त मास्तर, हट्टी, लातूरला यायला तयार नाहीत. म्हणून मी दर रविवारी नांदेडला जायचे. सकाळी वडलांकडे आणि दुपारी एका ओळखीच्या लॅबमध्ये. त्या लॅबला पॅथॉलॉजिस्ट नव्हता. आठवडाभराच्या स्लाइड ट्रेमध्ये मांडून ठेवलेल्या असायच्या, प्रत्येक स्लाइडखाली तिच्या डॉक्टरची चिठ्ठी. मी बघायचे, सांगायचे, टेक्निशियन टाइप करायचा, मी सह्या करायचे आणि परतीची गाडी धरायचे. तिथंही माझ्या तोंडाचा पट्टा चालूच. ही स्लाइड जाड आहे, हिचा रंग उतरला, ही काय स्लाइड आहे का पिठलं! पुढं वडील गेले आणि ते रविवारही संपले.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी एका सकाळी तो माझ्या लातूरच्या लॅबमध्ये आला. नांदेडजवळच्या उमरीकडचा, तिशीतला, जेसीबीचा ऑपरेटर. लातूरच्या मुरुडजवळ रस्त्याचं काम चालू होतं, तिथं मशीनवर होता. उजव्या मनगटाला हातरुमाल बांधलेला. तो त्यानं दातानं सोडला. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी, सुपारीएवढी टणक गाठ होती आणि तिच्यावरची कातडी फुटून जखम झाली होती.

"किती दिवसांची आहे?"

"वर्ष होऊन राहिलं, मॅडम. आधी वाटाण्यावानी होती."

"मग वर्षभर काय बघत बसलास?"

"गोळ्या खाऊन राहिलो ना. टीबीच्या. सात महिने झाले. गोळ्यांनी लघवी तेवढी लाल झाली, गाठ काय गेली नाही. वाढूनच राहिली."

"टीबी कुणी सांगितला?"

"नांदेडला सुई टोचली होती. रिपोर्ट हाय. घरी राहिला, उमरीला."

माझं डोकं तिथंच तापलं. सात महिने गोळ्या खाऊन गाठ तिपटीनं वाढते आणि कुणाला परत एकदा सुई टोचावीशी वाटत नाही! "कुठल्या गाढवानं दिला हा रिपोर्ट?" मी म्हटलं. माझी टेक्निशियन स्लाइड पुसत होती, ती हसली. मला आणखी चेव आला. "डोळे उघडे ठेवून तरी बघितलं असेल का त्यानं? चिठ्ठी वाचली असणार आणि सही ठोकली असणार. असल्यांना मायक्रोस्कोप कशाला लागतो, भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगतील हे टीबी!" तो नुसता माझ्याकडे बघत होता. मग त्यानं नजर खाली मनगटाकडे वळवली.

"हात राहील ना, मॅडम?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "आमचं सगळं मशीनच्या दांड्यावर, लिव्हरवर चालतं. हाताचंच काम हाय."

मी म्हटलं, आधी बघू तर दे. सुई तयार होईपर्यंत त्यानं डाव्या हातानं मोबाइल काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. कामाच्या मुहूर्ताचा होता. दगडावर नारळ ठेवलेला, भोवती पुढारी उभे, आणि वरून जेसीबीची ती राक्षसासारखी बकेट हळूहळू खाली येते. तिचा एक दात नारळाला लागतो, नुसता टक् करून. नारळाची दोन सरळ भकलं होतात, शेंडीसुद्धा हलत नाही. "मुहूर्त असला की मलाच बोलवतात," तो म्हणाला. "दुसऱ्याकडून नारळाचा भुगा होतो." त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जी ऐट होती ती मला फार आवडली. आपलं काम नीट येणारी माणसं मला फार थोडी भेटतात.

सुई टोचली तरी त्यानं हूं की चूं केलं नाही. मी स्लाइड पसरल्या, दोन लगेच स्पिरिटमध्ये टाकल्या, दोन वाळवल्या, स्वतः रंगवल्या आणि बसले.

आता इथं थोडं सांगावं लागेल. टीबीच्या गाठीत एक विशिष्ट प्रकारच्या पेशी असतात. त्या घोळक्यानं बसतात (त्या घोळक्यालाच ग्रॅन्युलोमा म्हणतात), एकमेकींत मिसळलेल्या, एक कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली ते कळत नाही. त्यांचं केंद्रक लांबट आणि फिकट, चपलेच्या तळव्यासारखं. भोवती बारीक लिम्फोसाइटची, म्हणजे साध्या सुजेतही जमणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गर्दी. या स्लाइडवर पहिल्या नजरेत त्याच पेशी वाटत होत्या. मागं मेलेल्या पेशींचा कचराही होता, टीबीत असतो तसाच. घाईत असलेला माणूस इथंच उठेल. पण मी भिंग वाढवलं. या पेशी सुट्या होत्या. प्रत्येकीची कड स्वच्छ, अंग भरलेलं, आणि केंद्रक मधोमध नाही, एका बाजूला सरकलेलं. काहींत दोन दोन केंद्रकं. प्रत्येक केंद्रकात एक ठळक ठिपका. लिम्फोसाइट नावाला. टीबीच्या जंतूंसाठी वेगळा रंग देऊन अख्खी स्लाइड पालथी घातली, एक जंतू सापडेल तर शपथ.

नाव ओठावर यायला जरा वेळ लागला. एपिथेलिऑइड सारकोमा. तरुण माणसाच्या हाताला होणारा, कातडीखालच्या मऊ भागाचा दुर्मिळ कॅन्सर. टीबीचं सोंग घेऊन बसतो. आयुष्यात एकदाच पाहिला होता, शिकत असताना, तोही दुसऱ्याच्या स्लाइडवर. आणि मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. बाहेर बाकड्यावर तो मनगट धरून बसला होता आणि मी आत मनातल्या मनात नांदेडच्या त्या गाढवाच्या नाकावर टिच्चून टाळ्या पिटत होते.

त्याच्या खिशात गोळ्यांची चिठ्ठी होती, त्यावरून मी नांदेडच्या डॉक्टरला फोन लावला. हा टीबी नाही, कॅन्सर आहे, हे सांगितलं आणि मग सोडलंच नाही त्यांना. तुम्ही चिठ्ठीवर टीबी लिहिता, तो कोण दिवटा तिथं बसलाय तो हो म्हणतो, आणि पोराचा हात सडतो! मग ते अगदी नरम आवाजात म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, होतं असं कधी कधी. आपल्या आपल्यात काय बोलायचं."

"आपल्या आपल्यात म्हणजे? मला नाही धरायचं त्या 'आपल्यात'!" असं म्हणून मी फोन आपटला. दिवसभर मला फार बरं वाटत होतं.

मी त्याला उमरीहून सगळे कागद आणायला सांगितलं होतं, कारण पुढं हैदराबादला पाठवायचं होतं आणि तिथं जुने रिपोर्ट मागतात. तिसऱ्या दिवशी तो फाइल घेऊन आला. "दे इकडे," मी म्हटलं, "कोण महाभाग आहे ते कळू तरी दे." टेक्निशियनला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले. ग्रॅन्युलोमा. सजेस्टिव्ह ऑफ ट्युबरक्युलोसिस. क्लिनिकली कोरिलेट करावे. आणि खाली सही.

सही माझी होती.

माझ्या सहीतलं शेवटचं अक्षर खाली लोंबतं. त्यावरून बँकेत माझी दोनदा भांडणं झाली आहेत. दुसऱ्या कुणाची असायची सोयच नव्हती. खाली माझं नाव, डिग्री, आणि तारीख रविवारची. टेक्निशियन आतल्या खोलीत निघून गेली. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"तुला माहीत होतं?"

"हाव."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुमी लई तापल्या होत्या, मॅडम. मधी कसं बोलावं."

तोच पुढं म्हणाला, "तुमचं नाव बघूनच तर इथं आलो. मुरुडला कुणीतरी म्हणलं की ह्या मॅडम लातूरलाच राहतात. म्हणलं, ज्यांनी पहिल्यांदा बघितलं त्यांनाच दाखवावं. त्यांना माहीत असंल."

त्या दिवसापासून मी त्याला अहो-जाहो करते. त्याला ते आवडत नाही.

रविवारची वाट न बघता मी नांदेडला गेले. त्या लॅबमध्ये मी गेल्यावर कुणी काही विचारलं नाही, नुसता स्लाइडचा खोका पुढं केला. म्हणजे त्या डॉक्टरांनी इथं आधीच फोन केला होता. म्हणजे फोनवर मी दिवटा, दिवटा म्हणून ओरडत होते तेव्हा त्यांना माहीत होतं, तो दिवटा कोण ते. त्यांनी माझं मन राखलं होतं.

माझी शेवटची आशा अशी की स्लाइड वाईट असेल. जाड असेल, रक्ताळलेली असेल. स्लाइड उत्तम होती. पातळ, स्वच्छ, सुरेख रंगवलेली. आणि पेशी सुट्या, भरल्या अंगाच्या, केंद्रक कडेला. लपल्याही नव्हत्या बिचाऱ्या. स्लाइडखाली चिठ्ठी तशीच होती: 'टीबी? कृपया कन्फर्म करावे.' तो रविवार आठवायचा मी खूप प्रयत्न केला. वडलांचा खोकला वाढला होता का, गाडी चुकत होती का, भूक लागली होती का. काही म्हणजे काही आठवलं नाही. तो एक साधा रविवार होता आणि मी चिठ्ठी वाचून सही ठोकली होती.

हैदराबादला तुकडा काढून तपासला. निरोगी पेशीत असणारं एक प्रथिन या कॅन्सरच्या पेशीत हरवलेलं असतं, ते इथंही हरवलेलं होतं. शंकेला जागा राहिली नाही. गाठ मनगटाच्या नसांभोवती आणि हाडापर्यंत पसरली होती. त्यांनी त्याचा उजवा हात कोपराच्या थोडा खाली काढला.

तिथल्या सर्जनचा मला स्वतःहून फोन आला. कौतुक करायला! "मॅडम, नुसत्या सुईच्या नमुन्यावर धरलंत, कमाल आहे."

मी विचारलं, "सात महिने आधी आला असता तर?"

"तेव्हा लहान होती ना? बहुतेक हात वाचवला असता." मग ते म्हणाले, "पहिला रिपोर्ट कुणाचा होता हो? फाइलमध्ये दिसला नाही."

मी म्हटलं, "बघते. शोधून सांगते."

आयुष्यभर ज्या जातीच्या माणसांवर थुंकले, त्यांच्या तोंडी शोभेल असं वाक्य. किती सहज आलं! लातूरच्या डॉक्टरांनी या केसबद्दल माझा सत्कार करायचं ठरवलं, शाल, नारळ, सगळं. तिथं तरी खरं सांगून टाकायचं की नाही? मी तब्येतीचं कारण काढलं आणि घरी बसले. नारळ म्हटलं की मला तो व्हिडिओ दिसायचा.

चार महिन्यांनी तो परत आला. आता साइटवर नव्या ऑपरेटरांना शिकवतो, म्हणाला. शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. काखेत काहीतरी लागतंय म्हणून हैदराबादच्या डॉक्टरांनी तिथं सुई टोचून घ्या म्हटलं होतं. हा कॅन्सर काखेतल्या गाठींत जातो. गेला असेल तर हात देऊनही काही उपयोग झाला नाही, असा त्याचा अर्थ होता, आणि तो त्याला माहीत होता.

टेबलावर झोपायच्या आधी त्यानं वरच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"हा तुमच्यापाशी राहू द्या, मॅडम. मी फाइलीतून काढून ठेवला होता. तिथं लई मोठे मोठे डॉक्टर होते. कुणाचा रिपोर्ट, कुणाचा रिपोर्ट म्हणून विचारून राहिले होते. म्हणलं, उगंच तुमची इज्जत जायची."

अरे बाबा! त्याचा हात गेला होता आणि तो माझी इज्जत खिशात घेऊन फिरत होता. रडू आलं, आणि रडूनही काय करणार होते मी? मी म्हटलं, "मला पहिल्याच वेळी दिसलं असतं तर हात राहिला असता. तिथल्या डॉक्टरनं मला सांगितलंय."

"मलाबी सांगितलं त्यांनी."

"आणि तरी परत माझ्याकडेच आलात?"

"दुसऱ्याकडं गेलो तर त्याला काय माहीत कसल्या पेशी व्हत्या ते? तुमी दोनदा बघितल्यात."

मी कागद उलगडला, लाल पेन घेतलं आणि माझ्या जुन्या सहीवर आडवं लिहिलं: 'चूक. या स्लाइडवर कॅन्सर होता. मला दिसला नाही.' खाली पुन्हा सही केली, आजची तारीख घातली आणि कागद त्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. हैदराबादला फोटो पाठवला. तो बघत होता. मग म्हणाला, "आता तरी टोचा."

टोचलं. स्लाइड रंगवल्या. मी त्या तीन वेळा पाहिल्या आणि मला माझ्या डोळ्यांची खात्री देता येईना. वाईट काही दिसत नव्हतं. पण पहिल्यांदाही मला वाईट काही दिसलं नव्हतंच की. शेवटी स्लाइड उचलल्या, चिठ्ठी टेबलावरच ठेवली आणि त्याला घेऊन मागच्या गल्लीत गेले. रबरी शिक्क्याच्या लॅबमध्ये.

ते उठून उभेच राहिले. पंधरा वर्षांत मी त्यांच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. "मॅडम, तुम्ही! बसा ना, बसा. काय आहे? आपलं काय मत आहे यावर?"

"माझं मत मी सांगणार नाही," मी म्हटलं. "चिठ्ठीही आणलेली नाही. काखेतली गाठ आहे, एवढंच. तुम्ही बघा."

ते बसले. खूप वेळ बघत होते. मी उभीच होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही, फोनला हात लावला नाही. भिंग वाढवलं, कमी केलं, पुन्हा वाढवलं. मग म्हणाले, "मला सगळे लिम्फोसाइट दिसतायत. नेहमीची सुजलेली गाठ. परकी पेशी एकही नाही. पण मॅडम, राग मानू नका, या एका कोपऱ्यात स्लाइड फार जाड पसरलीय. तिथलं मी सांगू शकत नाही. परत टोचायला हवं."

स्लाइड मी पसरली होती. मी नुसती मान हलवली. आभार मानायचे तेही सुचलं नाही, नंतर टेक्निशियनच्या हाती निरोप पाठवला.

बाहेर बाकड्यावर तो बसला होता. मी म्हटलं, "परत एकदा टोचावं लागेल. माझ्याकडून नीट पसरली गेली नाही."

"टोचा की," तो म्हणाला आणि तिथंच डाव्या हातानं शर्टाची बटणं सोडायला लागला. वरचं बटण निसटून निसटून जात होतं. मी मदतीला हात पुढं केला.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "जमून राहिलंय."